डोंगराआडच्या उद्योगस्थळी उपग्रह इंटरनेटवरून सुरक्षित रिमोट अ‍ॅक्सेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीच्या आडवळणाला, सातपुड्याच्या दऱ्यांत किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ज्यांचे शीतगृह, दूध शीतकरण केंद्र, काजू कारखाना किंवा खडी क्रशर आहे आणि जेथे फायबर पोहोचलेला नाही व मोबाइलची रेंज टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही, अशा मालकांकडून आणि त्यांच्या संगणक सांभाळणाऱ्या माणसांकडून आम्हाला वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे हवेत राहू नयेत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे. सुरगाणा तालुक्यातील डोंगराआड स्ट्रॉबेरी आणि भाजीपाला ठेवणारे एक लहान शीतगृह आहे, असे समजू. तेथे तापमान सांभाळणारा कंट्रोलर, आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि टॅली असलेला एक संगणक आहे, तर मालक नाशकात राहतात.

शीतगृहावर इंटरनेट सुरू आहे, तेथून संकेतस्थळे उघडतात. मग नाशकातून तेथील संगणक का उघडत नाही?

इंटरनेट सुरू असणे आणि बाहेरून आत येता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपग्रह कंपन्या, मोबाइल कंपन्यांप्रमाणेच, बहुतेक ग्राहकांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत आणि शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राउटरमध्ये वॅन या शीर्षकाखाली दिसणारा आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दोन आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही या पडद्यामागे आहात असे निश्चित समजावे, कारण पत्त्यांचा तो पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. सोसायटीच्या गेटवर पत्र आले, पण त्यावर फ्लॅट क्रमांक नाही, अशी ही स्थिती असते. आतून बाहेर गेलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर घरी येते, कारण प्रश्न कोणी विचारला होता याची नोंद गेटवर असते. बाहेरून आपणहून आलेल्याला मात्र कोणाकडे सोडायचे हे गेटला ठाऊक नसते.

मग कंपनीकडून स्थिर सार्वजनिक आयपी विकत घेऊन राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करावे, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी आतल्या संगणकाकडे वळवावी का?

तसा आयपी व्यावसायिक योजनांत अनेकदा मिळतो, पण या कामासाठी आम्ही तो घेऊ नये असेच सांगतो. सार्वजनिक पत्त्यावर दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणणाऱ्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे दार, उघडले की थोड्याच वेळात जगभरातील यंत्रे तेथे पासवर्ड लावून पाहू लागतात. कोणी तुमच्या शीतगृहावर डोळा ठेवून असतो असे नव्हे. प्रत्येक पत्ता तपासत फिरणे हाच त्या यंत्रांचा उद्योग असतो. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधील ब्लूकीप नावाची जी त्रुटी उघड झाली, तिच्यात तर पासवर्डचीही गरज नव्हती, आणि ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने आधार बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. डीव्हीआरची गत याहून वाईट असते, कारण बसवून झाल्यावर त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याचे आम्ही फारच क्वचित पाहिले आहे. शिवाय उपग्रहावर डेटाचे मोजमाप होते. दारावरच्या या टकटकीचे पैसेसुद्धा तुम्हीच भरता.

तर मग योग्य पद्धत कोणती?

दार बाहेरून उघडायचे नाही. शीतगृहाने स्वतः बाहेर पडून ठरलेल्या ठिकाणी येऊन थांबायचे. मुंबईतील एखाद्या क्लाउड डेटा सेंटरमध्ये सार्वजनिक पत्ता असलेला छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा; एक जीबी मेमरीचा सर्वांत लहान सर्व्हरही या कामाला पुरतो. शीतगृहातील राउटर या सर्व्हरशी एन्क्रिप्टेड टनेल, म्हणजे बाहेरच्याला आतले वाचता येणार नाही अशी खासगी वाट, जोडतो आणि ते कायम जागे ठेवतो. मालकांचा लॅपटॉप आणि फोनही त्याच सर्व्हरशी टनेल जोडतात. दोघेही आतून बाहेर जात असल्यामुळे सीजीनॅटचा अडथळा उरत नाही, आणि शीतगृहाच्या पत्त्यावर बाहेरून उघडे असे एकही पोर्ट राहत नाही.

यासाठी आम्ही वायरगार्ड वापरतो. असे टनेल, म्हणजेच व्हीपीएन, जोडणारा हा प्रोग्राम आहे. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या (कर्नल) ५.६ आवृत्तीपासून तो लिनक्सचाच भाग आहे, लहान राउटरवरही तो नीट चालतो, आणि ज्याच्याकडे योग्य किल्ली, म्हणजे गुप्त डिजिटल संकेत, नाही त्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट चाचपणाऱ्याला तेथे काही आहे हेच कळत नाही. टनेल जागे राहावे म्हणून शीतगृहाच्या बाजूला दर २५ सेकंदांनी एक रिकामे पॅकेट पाठवण्याची सेटिंग ठेवावी लागते, अन्यथा सीजीनॅट आपली नोंद पुसून टाकतो आणि नाशकातून हाक मारली तरी ओ येत नाही. यात डेटा फार जाईल अशी भीती अनेकांना वाटते. एक पॅकेट सुमारे ६० बाइटचे असते, दिवसाला अशी ३,४५६ पॅकेटे जातात, म्हणजे महिन्याकाठी साधारण सहा एमबी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सुप्रभाताच्या चित्रांना याहून जास्त डेटा लागतो.

स्वतः सर्व्हर सांभाळणे नको असेल, तर टेलस्केलसारख्या सेवा हेच काम वायरगार्डच्याच पायावर तयार स्वरूपात करून देतात. एकदोन जागा आणि चारपाच माणसे असतील तर त्या सोयीच्या आहेत. मात्र त्या सेवेचे जे मुख्य खाते असते तीच तुमच्या सगळ्या कुलपांची किल्ली होते, हे ध्यानात ठेवून ते खाते कोणाच्या नावावर आहे ते आधी ठरवावे. दुकानातील मुलाच्या खासगी ईमेलवर ते उघडलेले असते आणि मुलगा नोकरी सोडतो, हा प्रकार आम्ही एकाहून अधिक वेळा निस्तरला आहे.

भारतात आज उपग्रह इंटरनेटचे कोणते पर्याय आहेत?

पहिला आणि जुना पर्याय व्हीसॅटचा, म्हणजे लहान डिश लावून भूस्थिर उपग्रहाशी जोडणी घेण्याचा. बँकांची एटीएम आणि दूरच्या शाखा वर्षानुवर्षे त्यावरच चालत आल्या आहेत. ह्यूजेस कम्युनिकेशन्स आणि नेल्को या त्यातील परिचित कंपन्या. ह्यूजेसने सप्टेंबर २०२२ मध्ये इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ या उपग्रहांवरून जास्त क्षमतेची सेवा सुरू केली. हे उपग्रह भूस्थिर कक्षेत, म्हणजे जमिनीवरून सदैव एकाच जागी दिसतील असे, विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहेत. जीसॅट-११ हा ७४ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे जवळजवळ नाशिकच्याच रेषेवर असल्यामुळे आपल्याकडे त्याची डिश दक्षिणेला तोंड करून, क्षितिजापासून सुमारे ६६ अंश वर पाहते. दरीतल्या उद्योगांसाठी ही मोठी सोय आहे, कारण इतक्या उंच कोनात समोरचा डोंगर सहसा आडवा येत नाही. आडवे येते ते आंब्याचे झाड.

दुसरा पर्याय खालच्या कक्षेतील उपग्रहसमूहांचा. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर, तर वनवेबचे सुमारे १,२०० किलोमीटरवर फिरतात. स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये आणि अवकाश उपक्रमांना मान्यता देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची मंजुरी जुलै २०२५ मध्ये मिळाली; महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशा जिल्ह्यांतील दुर्गम भाग डोळ्यांसमोर ठेवून त्या कंपनीशी इरादापत्र केले. तथापि परवाना मिळणे आणि तुमच्या शिवारात सेवा सुरू होणे यांत अंतर असते. कंपनी तुमच्या नेमक्या ठिकाणाची जोडणी लेखी मान्य करीपर्यंत त्या भरवशावर जुनी जोडणी बंद करू नये.

दुबईतील नातेवाईक डिश आणून देतो म्हणतात. चालेल का?

नाही. भारतात परवानाधारक कंपनीकडून, ओळख पडताळणी होऊन आणि बसवण्याच्या जागेची नोंद होऊन मिळालेलेच उपग्रह उपकरण वापरता येते. उद्योगाच्या नावावर असे बेकायदा उपकरण सापडणे हा केवळ दंडाचा नव्हे तर चौकशीचाही विषय होतो. मग सुरक्षिततेच्या पुढच्या गप्पांना अर्थ उरत नाही.

व्हीसॅटवरून रिमोट डेस्कटॉप उघडल्यावर अक्षर टंकल्यानंतर ते दिसायला वेळ लागतो. प्लॅन मोठा घेतला तर सुधारेल का?

सुधारणार नाही. नाशकात दाबलेल्या कळीची बातमी शीतगृहावर जायला एकदा ३६ हजार किलोमीटर वर आणि तितकीच खाली येते, आणि पडद्यावरचे अक्षर परतताना पुन्हा तोच प्रवास करते. हे सारे मिळून सुमारे १ लाख ४४ हजार किलोमीटर होतात आणि प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. त्यात मोडेम आणि भूकेंद्राचा वेळ मिळवला की प्रत्यक्षात ०.६ सेकंद किंवा त्याहून जास्त भरतो. पाइप रुंद केला म्हणून विहीर जवळ येत नाही. खालच्या कक्षेतील सेवेत हाच विलंब सेकंदाच्या काही शतांश भागांवर येतो आणि माऊस हातात असल्यासारखा वाटतो.

म्हणून व्हीसॅटवर काम करण्याची रीतच बदलावी लागते. पडद्यावरील पार्श्वचित्र, सावल्या, हलत्या खिडक्या बंद कराव्यात आणि रंगांची खोली कमी ठेवावी. लिनक्स यंत्रावर आदेश द्यायचे असतील तर एसएसएच या नेहमीच्या साधनाऐवजी मॉश वापरावा, कारण तो उत्तराची वाट न पाहता अक्षर लगेच पडद्यावर दाखवतो आणि जोडणी मध्येच तुटली तरी सत्र टिकवून धरतो. याहून चांगले म्हणजे पडदा उघडण्याची वेळच कमी आणावी. तापमान पाहण्यासाठी दहा मिनिटांनी एकदा येणारा आकडा पुरेसा असतो. त्यासाठी अख्खा संगणक नाशकापर्यंत ओढण्याचे कारण नाही.

व्हीपीएन चालू केल्यावर व्हीसॅटचा वेग निम्म्याहून कमी होतो. कंपनी म्हणते तुमचा दोष, तुम्ही म्हणता कंपनीचा. खरे कोणाचे?

दोघांचेही खरे आहे, आणि या प्रश्नावर आम्ही खाल्लेल्या फोनच्या तासांना हिशेब नाही. इंटरनेटवरील बहुतेक वाहतूक टीसीपी या पद्धतीने चालते. तीत पाठवणारा थोडा माल पाठवून पोच मिळण्याची वाट पाहतो. एका वेळी ६४ केबीच माल सोडणारे जुने उपकरण असेल आणि पोच यायला ०.६ सेकंद लागत असतील, तर तुमचा प्लॅन कितीही मोठा असला तरी सेकंदाला जेमतेम ११० केबी, म्हणजे एक एमबीपीएसपेक्षाही कमी वेग मिळतो. व्हीसॅट कंपन्यांनी यावर एक युक्ती काढली आहे. मोडेम स्वतःच खोटी पोच देतो, पाठवणाऱ्याला वाटते की माल पोहोचला, आणि तो पुढचा माल सोडतो. पण हे करायला मोडेमला पॅकेटाचे टीसीपी शीर्षक वाचता यावे लागते. आयपीसेक (व्हीपीएनची आणखी एक पद्धत) किंवा वायरगार्डने पॅकेट बंद पाकिटात घातले की मोडेमला आतले दिसत नाही आणि ती युक्ती थांबते.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे दोन्ही टोकांना आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिम ठेवावी, कारण ती पोच न मिळताही बराच माल सोडू शकते. बीबीआर ही गती-नियंत्रण पद्धत क्लाउड सर्व्हरवर सुरू केली तर उतरणाऱ्या फाइलींत फरक दिसतो. दुसरा मार्ग असा की टनेलमधून फक्त खासगी काम न्यावे आणि सामान्य संकेतस्थळांची वाहतूक मोडेमवरून सरळ जाऊ द्यावी; ती आधीच एचटीटीपीएसने सुरक्षित असते आणि तेथे मोडेमची युक्तीही चालते, कारण एचटीटीपीएस टीसीपीच्या आत एन्क्रिप्ट करते, टीसीपीला झाकत नाही. तिसरा मार्ग कंपनीच्याच मोडेममधील व्हीपीएन घेण्याचा. पण त्यात तुमच्या किल्ल्या कंपनीकडे राहतात.

एक बारीक गोष्ट. जोडणी लागते, पिंग (समोरचे यंत्र जागे आहे का हे पाहणारी छोटी हाक) जातो, पण लॉगिनचे पान अर्धवट उघडून थांबते, असे झाले तर पॅकेटाचा आकार मोठा होत आहे असा संशय घ्यावा. वायरगार्डची एमटीयू, म्हणजे पॅकेटाच्या कमाल आकाराची मर्यादा, १४२० वरून १२८० वर आणून पाहावी. दहापैकी सात-आठ वेळा दुखणे तेथेच असते.

उपग्रहाचा दुवा कंपनी एन्क्रिप्ट करतेच ना? मग वेगळा टनेल कशाला?

करतेच असे गृहीत धरू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील सॅन दिएगो आणि मेरिलँड येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी, बाजारात मिळणाऱ्या सुमारे ८०० डॉलरच्या सामानाने, एका छतावरून ३९ भूस्थिर उपग्रहांचे संकेत ऐकले, तेव्हा मोबाइल मनोऱ्यांची संभाषणे, कंपन्यांची अंतर्गत माहिती आणि लष्करी वाहतूकसुद्धा त्यांत उघडी सापडली. भूस्थिर उपग्रहाचा झोत शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर पडतो. तुमच्या डिशला येणारे उत्तर त्या पट्ट्यातील प्रत्येक छतावर तितकेच येते. म्हणून दोन टोकांमधील एन्क्रिप्शन तुमच्या हातचे असावे.

आणि उपग्रह कंपनीवरच हल्ला झाला तर?

हे घडलेले आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाने युक्रेनवर आक्रमण केले त्या पहाटे, व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट जाळ्यातील हजारो मोडेम एका झटक्यात निकामी झाले. हल्लेखोर सेटिंग चुकलेल्या एका व्हीपीएन उपकरणातून व्यवस्थापनाच्या जाळ्यात शिरले होते आणि तेथून त्यांनी मोडेममधील साठवण पुसणारे आदेश सोडले. युद्धाशी संबंध नसलेल्या जर्मनीतील एनर्कॉन कंपनीच्या ५,८०० पवनचक्क्यांचा रिमोट अ‍ॅक्सेस त्यात गेला. पवनचक्क्या मात्र फिरत राहिल्या, कारण त्यांचे नियंत्रण जागेवरच होते. उपग्रहावरून केवळ देखरेख चालत असे.

आमच्या मते ग्रामीण उद्योगस्थळासाठी यापेक्षा महत्त्वाचे उदाहरण नाही. कॉम्प्रेसर चालू-बंद करण्याचा निर्णय शीतगृहातील कंट्रोलरनेच घ्यावा. दुवा तुटला तर नाशकातील आलेख थांबावा, थंडावा थांबू नये. नवीन यंत्रणा विकायला आलेला माणूस सर्व काही क्लाउडवरून चालते असे अभिमानाने सांगू लागला, की डिशची वायर काढून दोन तासांनी आतले तापमान किती असेल ते त्याला दाखवायला सांगावे.

एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकले तर हा सगळा खटाटोप वाचेल का?

वाचेल, आणि म्हणूनच ते सगळीकडे दिसते. या प्रणालीही आतून बाहेर जोडत असल्यामुळे सीजीनॅटमागे चालतात. एखाद्या दिवशी तंत्रज्ञाला पडदा दाखवण्यासाठी, समोर माणूस बसलेला असताना, त्या वापरण्यात काही वावगे नाही. आक्षेप आहे तो कायमस्वरूपी, एकाच पासवर्डवर, पाच जणांना माहीत असलेल्या प्रवेशाला. असा पासवर्ड आम्हाला एकदा विजेच्या मीटरच्या खोक्यावर स्केचपेनने लिहिलेला सापडला होता. याच प्रकारच्या सॉफ्टवेअरचा आधार घेऊन होणाऱ्या फसवणुकीविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. टॅली आणि बँकेचे खाते एकाच संगणकावर असेल तर ते सॉफ्टवेअर काम झाल्यावर बंद नव्हे, काढूनच टाकावे.

दोन टप्प्यांची ओळख लावली, पण शीतगृहावर ओटीपीचा एसएमएस येतच नाही.

रेंज नाही म्हणून तर उपग्रह घेतला, तेव्हा एसएमएसवर विसंबणे चुकीचेच होते. त्याऐवजी फोनमधील ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरावे. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी क्रमांक ते फोनमध्येच तयार करते आणि त्याला जोडणीची गरज नसते. फोन हरवल्यास उपयोगी पडणारे राखीव संकेत छापून कपाटात ठेवावेत. हिशेबनीस आणि मालक यांच्यासाठी यूएसबीची सुरक्षा-किल्ली घेता आली तर उत्तम.

लाइट गेली की टनेल तुटते, हे समजते. पण लाइट आल्यावरही ते पुन्हा जोडत नाही. का?

या एका दुखण्याने आम्हाला पूर्वी दोन फेऱ्या घडवल्या आहेत. अनेक स्वस्त राउटरांना आणि रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाच्या चौथ्या आवृत्तीपर्यंतच्या यंत्रांना वेळ जपणारी बॅटरी नसते. वीज गेली की ते घड्याळ विसरतात आणि सुरू होताना जुनी तारीख धरून बसतात. वायरगार्ड हस्तांदोलनात, म्हणजे जोडणी सुरू करतानाच्या ओळखीत, वेळेचा शिक्का पाठवतो आणि समोरचा सर्व्हर आधीच्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला तर तो नाकारतो, कारण जुने पॅकेट पुन्हा वाजवून कोणी फसवू नये. म्हणजे राउटर कालच्या तारखेने हाक मारतो आणि सर्व्हर गप्प राहतो. त्यातच वेळ विचारण्याची वाहतूकही टनेलमधूनच पाठवण्याची सेटिंग असेल तर गाठ पक्की बसते: टनेलसाठी वेळ हवी आणि वेळेसाठी टनेल हवे. वेळ जुळवण्याची एनटीपी वाहतूक टनेलबाहेरून सरळ जाऊ द्यावी आणि टनेल सुरू होण्याआधी घड्याळ जुळले आहे याची खात्री करणारी ओळ राउटरच्या सुरुवातीच्या आदेशांत घालावी. शंभर-दीडशे रुपयांचे घड्याळाचे मोड्यूल बसवता येत असेल तर तेही बसवावे.

कॅमेरे नाशकातून सतत पाहता येतील का?

येतील, पण परवडणार नाही. दोन एमबीपीएसने चित्र पाठवणारा एक कॅमेरा २४ तासांत २१.६ जीबी डेटा खातो. आठ कॅमेऱ्यांचा हिशेब आपणच करावा. चित्रण डीव्हीआरमध्येच साठवावे, पाहताना कमी दर्जाचा उपप्रवाह उघडावा, आणि रात्री दरवाजा उघडल्यास एखादे स्थिरचित्र पाठवण्याची सोय करावी. डीव्हीआरच्या उत्पादकाची मोबाइल अ‍ॅपमार्फत थेट पाहण्याची सोय बंद करून तो टनेलमागेच ठेवावा.

टॅलीचा डेटा फोल्डर टनेलवरून शेअर करून नाशकातल्या संगणकावर उघडला तर?

असे करू नये. फाइल शेअरिंग पद्धत एका नोंदीसाठी असंख्य वेळा ये-जा करते. प्रत्येक फेरीला ०.६ सेकंद लागला तर एक पावती नोंदवताना चहा गार होतो, आणि मध्येच दुवा तुटला तर डेटा बिघडण्याची भीती असते. टॅली शीतगृहावरच चालू द्यावी आणि रिमोट डेस्कटॉपने केवळ पडदा आणावा, किंवा टॅली क्लाउडमध्ये हलवून शीतगृहानेच बाहेर जोडावे. रोजच्या बॅकअपची एन्क्रिप्टेड प्रत रात्री टनेलमधून बाहेर पाठवावी, फक्त बदललेला भाग जाईल अशा साधनाने.

कॉम्प्रेसर बसवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ कंट्रोलरला बाहेरून जोडायला मागतो. द्यावे का?

द्यावे, पण घराची किल्ली न देता एका खोलीची. शीतगृहातील जाळ्याचे किमान तीन भाग करावेत: कंट्रोलर एका भागात, कॅमेरे दुसऱ्या, कार्यालयीन संगणक तिसऱ्या. कंट्रोलर बहुधा मॉडबस ही १९७९ पासूनची भाषा बोलतो, आणि तिच्यात पासवर्ड ही कल्पनाच नाही. ५०२ क्रमांकाच्या पोर्टपर्यंत जो पोहोचला तो आदेश देऊ शकतो. तंत्रज्ञाच्या किल्लीला केवळ कंट्रोलरच्या पत्त्याचीच परवानगी असावी, ती ठरलेल्या दिवसापुरतीच चालू असावी, आणि काम झाल्यावर बंद करण्याची जबाबदारी एका नावावर असावी.

विसरलेली किल्ली काय करते ते मे २०२१ मध्ये अमेरिकेने पाहिले. कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीत हल्लेखोर वापरात नसलेल्या, पण बंदही न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून शिरले. त्या खात्याला दुसऱ्या टप्प्याची ओळख नव्हती. सुमारे ८,८५० किलोमीटरची वाहिनी कित्येक दिवस बंद ठेवावी लागली.

पावसाळ्यात दुवा किती भरवशाचा?

उपग्रह जोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या केयू आणि केए या दोन्ही पट्ट्यांतील रेडिओ लहरी जोरदार पावसात क्षीण होतात. केए पट्ट्याचे नुकसान अधिक. घाटमाथ्यावर आषाढातील मोठी सर आली की दुवा काही मिनिटे जातो आणि सर ओसरली की परत येतो. भूस्थिर उपग्रहांचे आणखी एक वैशिष्ट्य असे की मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहामागे येतो आणि त्याच्या गोंगाटाने जोडणी काही मिनिटे बंद पडते. जीसॅट-११ साठी आपल्याकडे ही वेळ दुपारी साडेबारा ते पाऊणच्या सुमारास येते. त्या वेळी तंत्रज्ञाला बोलावण्याऐवजी जेवून घ्यावे. टेकडीवरून मोबाइलची अंधूक रेंज मिळत असेल तर दोन सिम घेणारा राउटर आणि उंच खांबावरील दिशादर्शी अँटेना यांचा राखीव मार्ग ठेवावा. वायरगार्ड पत्ता बदलला तरी तेच टनेल पुढे चालवतो.

भारनियमनात किती तग धरेल?

डिश, मोडेम आणि राउटर मिळून १०० वॅट धरले, तर १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरून, इन्व्हर्टरची गळती वजा जाता, सुमारे आठ तास मिळतात. अर्थिंग आणि विजेच्या लाटेपासून संरक्षण मात्र आधी करावे. पहिल्या वळिवात मोडेम जळण्याचे प्रसंग दरवर्षी येतात.

नाशकातून फायरवॉलचा एक नियम बदलला आणि त्या क्षणापासून आत जाता येत नाही.

हे प्रत्येकाच्या हातून एकदा होते. मायक्रोटिकसारख्या राउटरांत सेफ मोड असतो. तो लावून बदल केला आणि जोडणी तुटली तर राउटर आपोआप आधीच्या स्थितीवर येतो. ती सोय नसेल तर दहा मिनिटांनी जुनी सेटिंग परत लावणारा आदेश आधी देऊन मगच नव्याला हात घालावा. सर्व्हरपर्यंत पिंग सतत जात नसेल तर मोडेमची वीज काही सेकंद बंद करून पुन्हा सुरू करणारा टायमरही जोडावा. आणि शेवटचा उपाय म्हणून शीतगृहावरचे रखवालदार काका. त्यांना आयपी पत्ता विचारू नये. प्रत्येक वायरला रंगीत पट्टी लावून, पेटीच्या झाकणाच्या आत तिचा छापील फोटो चिकटवावा, म्हणजे फोनवर “लाल पट्टीची वायर काढून वीस आकडे मोजा आणि परत लावा” एवढेच सांगावे लागते.

व्हीपीएन वापरणे कायदेशीर आहे का? काही नोंदी ठेवाव्या लागतात का?

स्वतःच्या उद्योगासाठीचे व्हीपीएन पूर्णपणे कायदेशीर आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांतील ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याची अट सर्वसामान्यांना व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनला ती लागू नाही, असा खुलासाही नंतर झाला. मात्र सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे जुळती ठेवणे या अटी उद्योगांनाही आहेत, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मधील व्याख्येत एकल मालकीचा व्यवसायही येतो. राउटरची मेमरी लहान असते, म्हणून नोंदी क्लाउड सर्व्हरवर पाठवाव्यात. पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा.

कर्मचारी नोकरी सोडून गेला तर सगळे पासवर्ड बदलावे लागतील का?

प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र किल्ली दिली असेल तर नाही. सर्व्हरवरील यादीतून त्याच्या फोनची आणि लॅपटॉपची ओळ काढली की काम झाले. बाकीच्यांना कळतही नाही. सगळ्यांनी एकच किल्ली वाटून घेतली असेल, तर मात्र प्रत्येकाची नवी किल्ली करावी लागते, आणि त्यात शीतगृहावरच्या राउटरचाही समावेश असल्याने सुरगाण्याची एक फेरी पडते.